कापसाच्या खोलीबाहेर

तनूचे डोळे वर गेले, पांढरे झाले, अन् दीड वर्षाची माझी पोर मांडीवर लाकडावानी ताठ झाली, तव्हा मी कापसाच्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून राखणीला बसल्ते अन् आत तिचे पप्पा मोबाईलवर जर्मन भाषेची तोंडी परीक्षा देऊन राह्यले होते. भर दुपार होती. दाराखालून कापसाचा उबट वास येत होता, अन् पोरीच्या अंगातून तापाची वाफ.

ती खोली ह्यांनीच निवडल्ती. छतापर्यंत कापूस भरलेला, आवाज घुमत न्हाई, बाहेरचं कुत्रंबी आत ऐकू येत न्हाई, फक्त दाराच्या फटीतून तेवढा आवाज जायचा. दुसऱ्या कुणाचा आवाज आला की परीक्षा बाद, असा नियम होता. जालन्याच्या सळईच्या कारखान्यात सहा वर्षं भट्टीपुढं भाजलेला माणूस, एकदा नापास झाल्ता, ही शेवटची बारी, पास झाले तरच जर्मनीत काम मिळणार. "पंधरा मिनिटं दार वाजवू नको, आभाळ पडलं तरी," म्हणले.

तयारी मीच करून घेतल्ती. मी आठवीपर्यंत शिकलेली, पण भाकरी थापता थापता वही बघून विचारायची, "वी गेट एस दिअर?" म्हंजे, कसं चाललंय तुझं. हे म्हणायचे, "इश गेहे गूट."

"चुकलं. इश म्हंजे मी. इथं मिअर पायजे, मिअर म्हंजे मला. मिअर गेट एस गूट. आपण न्हाई का म्हणत, मला बरं हाये."

"मास्तरीणबाई, छडी आणून देऊ का?"

आत्याबाई, माझी सासू, चुलीपाशी हसायच्या. "कुणाला शिव्या देऊन राह्यले रे दोघं?"

त्याच आत्याबाईंनी त्या दुपारी कांदा फोडून तनूच्या नाकाला लावला. "बोलव त्याला," म्हणल्या, पण हळूच, त्यांनाबी नियम माहीत होता. माझी मूठ दारापर्यंत गेली, अन् आतून ह्यांचा आवाज आला, मिअर गेट एस गूट, न अडखळता, इतकं बराबर ते कधीच बोलले नव्हते. मूठ तिथंच राहिली. पोरीचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले. मंग अंग ढिलं पडलं, बारीक रडू फुटलं, अन् मी, तिच्या आईनं, तिचं तोंड छातीशी दाबून धरलं, आवाज आत जाऊ नये म्हणून.

हे बाहेर आले तव्हा केसात कापूस होता अन् चेहरा उजळल्ता. मी म्हणलं, आत्ताच झटका आला. अंबडच्या डॉक्टरनं विचारलं, किती वेळ होता? मी मिनिटभर म्हणलं. आत्याबाई भिंतीकडं बघत राहिल्या.

आता हे तिकडं हायेत, बर्फाच्या गावात. तनूला अडीच वर्षं होत आले, पण दोनच शब्द बोलती. डॉक्टर म्हणतो, काही लेकरं उशिरानं बोलतात, झटक्यामुळंच असं सांगता येत न्हाई. सांगता येत न्हाई, हेच मला झोपू देत न्हाई. कापूस कधीच विकला, खोली रिकामी हाये, अन् तिथून जाताना मी अजून दारापाशी थांबते, कुणी आत रडून राह्यलंय का ऐकायला.

दर रविवारी ह्यांचा फोन येतो, पोरीचं तोंड बघतात, म्हणतात, बोलायला लाव तिला. त्यांना वाटतं, झटका परीक्षेनंतरच आल्ता.

तुम्ही असता तर दार वाजवलं असतं का? अन् नसतं वाजवलं, तर आता त्यांना सांगितलं असतं का?