आईंनी स्वतःच्याच माशीला लावलेली कात्री

सासूचं कौतुक करणारी सून विरळाच, पण आमच्या सासूबाईंपुढे माझाही इलाज चालत नाही. ट्राउट मासे पकडायला गळावर ज्या खोट्या माश्या लावतात, त्या आई घरी बनवतात. खिडकीशी टेबल, टेबलावरच्या चिमट्यात गळ, आणि त्यावर दोरा नि कोंबड्याची पिसं गुंडाळत बसायचं. तेही सत्तरीत, बिनचष्म्याचं! मला सुईत दोरा ओवायला शेजारीण लागते.

नदीकाठच्या विश्रामगृहाचा मॅनेजर हे त्यांचं एकुलतं एक गिऱ्हाईक. परवा सकाळी त्याचा फोन आला.

"आई, तीन दिवस पाहुणे हात हलवत परत येतायत. मासे वर येतात, पण तुमच्या माशीला तोंड लावत नाहीत. आता कारखान्यातल्याच मागवतो."

सासरे गेल्यावर त्या टेबलानेच आईंना सावरलं होतं. हे काम सुटलं तर त्या खचतील, हे मला कळत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "चल गं, मला नदीवर घेऊन चल."

तिथे पाहुणे तरंगत्या माश्या टाकत होते. आई दगडावर बसून तासभर नुसत्या पाण्याकडे बघत राहिल्या. मॅनेजर घड्याळाकडे बघत होता आणि मी मॅनेजरकडे.

शेवटी आई बोलल्या. "मासा पाण्यावरचा किडा खातो, तेव्हा तोंड बाहेर काढतो, मागे बुडबुडा राहतो. इथे नुसती पाठ दिसतेय. किडे तळातून वर येतायत आणि पंख उघडायच्या आधीच हे त्यांना गट्टम करतायत. तुम्ही मात्र पंखवाली माशी वर तरंगवताय!"

मग त्यांनी पर्समधून कात्री काढली आणि अर्धा दिवस खपून वळलेल्या माशीची पिसं कचाकच कापली. उरलेलं दोऱ्याचं बोंड पाण्याखाली जावं म्हणून थुंकीने भिजवून त्या म्हणाल्या, "आता टाका."

दुसऱ्याच फेकीला दोरी ताणली गेली.

मॅनेजर हरखला. "आई, अशाच शंभर द्या!"

"नाही देणार. उद्या हे दुसरंच काही खातील. आधी तासभर बघा, मग मागा."

गडी वरमला. "उद्या बघून फोन करतो," म्हणाला.

परतताना मी चिडलेच. "आई, हातची ऑर्डर घालवलीत!"

"अगं, चुकीच्या शंभर दिल्या असत्या, तर आठवड्याने तोच म्हणाला असता, म्हातारी संपली."

चढावर त्यांनी माझा हात धरला. तो घर येईपर्यंत सोडलाच नाही. सकाळपासून त्या किती घाबरल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.