हवा खायला

साठ सालानंतरची गोष्ट. तलासरीकडे नदीवर नवं धरण झालं होतं आणि आम्हा बोर्डीच्या वाडीवाल्यांना रविवारी तिथे सहलीला जायचं खूळ लागलं होतं. डबे खायचे आणि होडीतून तलावावर फेरी मारायची.

एकदा होडी सुटणार तेवढ्यात एक मावशी सुक्या बोंबलांची पाटी घेऊन चढली आणि बरोब्बर मध्ये बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत कसलेलं, आणि पाटीला हात असा, जणू मांडीवर पोर घेतलंय.

"मावशी, उतरा. ही सहलवाल्यांची होडी आहे," नावाडी म्हणाला.

"आगर गावाहून येते मी. पलीकडं झरीला विकायला जायची, तर हितूनच नदी उतरून जायची. माझी वाट पाण्यात घातली तुम्ही. आता होडीतून न्या."

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. "अहो बाई, आम्ही इथे हवा खायला येतो!"

तिने पाटीवरचं फडकं काढूनच टाकलं.

"मग खावा की! दर्यावरची हाय."

मी खो खो हसलो. गृहस्थ परतताना माझ्याशी बोलले नाहीत, ते एक बरंच झालं. ती मात्र नावाड्याने होडी पलीकडच्या काठाला लावताच उतरली आणि मागे न बघता चालू लागली.

पुढच्या सुट्टीत गेलो, तर होडी काठाला रिकामी आणि सहलवाले उन्हात उभे. सगळे नावाड्यावर खेकसत होते. तो वल्हं मांडीवर घेऊन निवांत बसला होता.

"थांबा जरा," तो म्हणाला. "मावशी यायचीय."