वाकलेल्या फाटकाचा फोटो

साठ सालाच्या आसपास मी यवतमाळ जिल्ह्यात, पुसदच्या पुढे, एका ठाण्याचा फौजदार होतो. पुष्कळ गुन्हे विसरलो. एका फाटकाची केस मात्र अजून मनातून जात नाही.

काळ्या दगडाचे, दोन बुरुजांचे ते गावाचे जुने वेशीचे फाटक होते. एका बुरुजाच्या खोलीत सायकल दुरुस्त करणारा एक मुसलमान मिस्त्री बायकोसह राहत असे. आजापासूनचे बिऱ्हाड, दुकानही तिथेच. फाटक वाकले आहे, रस्त्यावर कोसळेल, असा अर्ज गावच्या समितीतल्या एका व्यापारी सदस्याने फोटोसह दिला. ओव्हरसियर जागेवर आलाच नाही. फोटो पाहूनच फाटक पाडण्याचा हुकूम निघाला. मजूर सब्बली-पहारी घेऊन आले, तेव्हा मिस्त्रीने मुकादमाच्या डोक्यात पाना घातला. मुकादमाला टाके पडले आणि मिस्त्री माझ्या कोठडीत आला.

जबानीत त्याने काही लपवले नाही.

"मारलं साहेब, कबूल हाय. पन फाटक काहून पाडून राह्यले? ते वाकलंच नाही."

"फोटो आहे," मी म्हणालो.

"फोटोत असन. तुम्ही रोज तिथून जाता. तुमाले कधी वाकलेलं दिसलं?"

मला दिसले नव्हते. पण खात्री करायला जाण्याआधीच फाटक भुईसपाट झाले होते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी फाटकासमोरचा चहावाला ठाण्याच्या मागच्या दाराने आला. तो आम्हाला अधूनमधून खबर देत असे. म्हणाला, "फोटोवाल्यानं रस्त्यात उकिडवं बसून, कॅमेरा आभायाकडे करून फोटो काढला. शेटजी बाजूले उभे होते. इथूनच घे म्हनून सांगून राह्यलते."

शेटजी म्हणजे तोच अर्जदार सदस्य. फाटकाला लागून त्याचा प्लॉट होता आणि फाटक तिथे बांधायच्या दुकानगाळ्यांच्या आड येत होते.

पंच घेऊन मी फोटोग्राफरच्या दुकानाची झडती घेतली. फोटोची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, सापडली, पंचनामा करून जप्त केली. फोटोग्राफरला ठाण्यात बसवले, चहा दिला. घाबरलेल्या माणसाला दरडावले की तो खोटे जास्त बोलतो. मी काच खिडकीच्या उजेडात धरली. अर्जाच्या फोटोत नुसते फाटक होते. काचेवर रस्त्याच्या पलीकडची दुमजली माडीही होती.

"ही कोणाची?"

"शेटजीची. नवी बांधलेली."

"ती कुठे झुकली आहे?"

तो काचेजवळ वाकला. मग हळूच म्हणाला, "फाटकाकडे."

"आणि फाटक माडीकडे. मग माडीही पाडायची का?"

त्याने काचेवरच्या भिंती बोटाने दाखवल्या. "साहेब, जवळून कॅमेरा वर केला का उभ्या भिंती वरच्या अंगाले जवळ येतेत. समोरच्या गच्चीवरून, कॅमेरा सरळ ठेवून काढला असता तं फाटक सरळ आलं असतं. मी बोललो होतो. शेटजी म्हने, खालूनच घे, अन् माडी कापून टाक."

त्याची जबानी घेतली, सही घेतली, अहवाल वर पाठवला. सदस्यावर फसवणुकीचा गुन्हा होईल, अशी माझी खात्री होती. कागद परत आले. फोटो अस्सल आहे, काचेत फेरफार नाही, फोटोचा कोणता भाग छापायचा ही छापणाऱ्याची मर्जी, आणि फाटक जुने असल्याने पाडणे योग्यच होते, असा शेरा होता. मी पुन्हा लिहिले. उत्तर आले नाही.

मिस्त्रीवरचा गुन्हा मात्र पक्का होता. कबुली होती, डॉक्टरचा दाखला होता, साक्षीदार होते. दोषारोपपत्र मीच पाठवले, कारण पाना त्यानेच मारला होता. त्याला कैद झाली. निकालानंतर कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्या बायकोने मला गाठले. तिच्या काखेत भांड्यांचे गाठोडे होते. ती उमरखेडला भावाकडे निघाली होती.

"साहेब, तुम्हीच कोर्टात बोलले ना, फाटक सीधं होतं?"

"हो."

"मंग माह्या मानसाले कायले नेऊन राह्यले?"

मी कलम सांगू लागलो. ती ऐकायला थांबली नाही.

पुढच्या नोकरीत कोणताही फोटो पुराव्यात आला, की मी आधी तो काढणारा कुठे उभा होता ते पाहून येत असे, आणि त्याला तिथे कोणी उभे केले, हेही विचारत असे. या केसने मला एवढे शिकवले. दुसरी गोष्टही शिकवली, ती कोणत्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. डोके फुटले की दाखला मिळतो, कलम लागते. घर फोडणाऱ्याजवळ हुकूम असला, की पोलिसाने तिथे फक्त गर्दी हटवायची असते. फाटक पाडले त्या दिवशी माझ्या शिपायांनी ती हटवली होती.