मनुएलचा आक्षेप

कामत सर लिहिलेलं प्रत्येक प्रकरण आधी विरोधकाला वाचून दाखवत. विषय पोर्तुगालमधल्या पुराणमतवादी राजकारणाचा इतिहास, आणि विरोधक मनुएल, सिडनीच्या पीटरशॅम भागातला पोर्तुगीज न्हावी. रोज चर्चमध्ये मिस्सेला जाणारा, जुन्या हुकूमशहाचा भक्त. सरांच्या वडिलांनी त्याच राजवटीत गोव्यात तुरुंग भोगलेला. मी सरांची विद्यार्थिनी. सिडनीत आले त्याच महिन्यात सर मला या दुकानात घेऊन गेले.

मानेला साबण फासलेला, हातात कागद. सरांनी वाचलं, "पाद्री सांगत, शेतकरी ऐकत."

मनुएलचा वस्तरा थांबला. "माझा बाप पाद्र्याला चोर म्हणायचा! प्रजासत्ताकवाले द्राक्षमळा घेतील म्हणून घाबरला होता. भीती लिही, दोतोर. माझ्या बापाचं मेंढरू करू नकोस." दोतोर म्हणजे डॉक्टर; सरांना तो असंच म्हणे.

सरांनी ओळ तिथेच खोडली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ज्याला आपण चूक ठरवतो, त्याला आपल्या वाक्यात बसायला खुर्ची द्यावी गं."

दुसऱ्या लॉकडाउनमध्ये मनुएल वृद्धाश्रमात होता. भेटी बंद. राजवट कोसळल्यावरचं शेवटचं प्रकरण घेऊन सर हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये अडकलेले. शेवटी फोनवर वाचायचं ठरलं. मनुएल चिडावा म्हणून सरांनी एक वाक्य मुद्दाम खोटं घातलं होतं : "राजवट पडली तेव्हा कोणीही रडलं नाही."

नर्सने फोन मनुएलच्या कानाशी धरला. सर ते वाक्य वाचून थांबले. पुन्हा वाचलं.

"छान आहे, दोतोर," मनुएल म्हणाला. "सगळं छान आहे."

पाचव्या दिवशी तो गेला. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. सर त्यांत नव्हते.

मी फोनवर म्हटलं, "सर, ते वाक्य तरी काढा."

"आणि तिथे काय लिहू? कोण रडलं, का रडलं, ते त्याने सांगायचं होतं. मी अंदाजाने लिहिलं तर पुन्हा मेंढरंच होतील."

त्यानंतर त्यांनी एक ओळही लिहिली नाही. सीमा उघडायच्या आत सरही गेले. लंडनला असलेल्या त्यांच्या मुलीने त्यांना स्क्रीनवर निरोप दिला आणि हस्तलिखित माझ्याकडे सोपवलं.

प्रकाशकांनी दोनदा विचारलं. शेवटचं प्रकरण मी काढून ठेवलं आणि उरलेलं पाठवून दिलं. आता त्या पुस्तकात हुकूमशाही कोसळतच नाही. शेवटच्या पानावरही ती चालू आहे.