बहरातला पाऊस

पावसाला वाईट म्हणायचे नाही, हा ओजीसानांचा नेम होता. ओजीसान म्हणजे आजोबा. गावातली सगळी माणसे त्यांना त्याच नावाने हाक मारीत. ज्या माणसाचे वर्षाचे पीक बहरातल्या एका सरीने मातीला मिळे, त्याने हा नेम पाळावा, याचे मला प्रथम नवल वाटले. पुढे त्याविषयी आदर वाटू लागला.

माझी कन्या माधवी जपानच्या आतल्या समुद्राकाठी एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. पत्नीच्या निधनानंतर वैशाखापासून आषाढापर्यंतचे दिवस मी तिच्याकडे काढतो. तिच्या घरामागच्या उतारावर ओजीसानांची ऑलिव्हची बाग होती. हे झाड मूळचे भूमध्य समुद्राकाठचे. इथली हवाही तशीच कोरडी, ऊन स्वच्छ, समुद्र तळ्यासारखा निवांत. म्हणून त्यांच्या आजोबांनी ती रोपे इथे रुजवली. मेअखेरीस फांद्यांवर आंब्याच्या मोहरासारखी बारीक, पांढुरकी फुले येत. त्यांचा पराग वाऱ्याने पसरायचा असतो. जूनचा पाऊस लागण्यापूर्वी दहा कोरडे दिवस मिळाले तर फळ धरे. एरवी फुले नुसती गळून जात.

बहराच्या दिवसांत ते आम्हांला जेवायला बोलावीत. कोवळ्या मटाराचा भात, शेवटी बिवाची पिवळी रसाळ फळे. तिकडच्या सारात माशाचा अर्क असतोच. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांनी समुद्रातल्या पाल्याचे सार वेगळ्या भांड्यात करायला सुरुवात केली. "हे भांडं सेन्सेईंचं," ते म्हणत, "याची माशाशी ओळख नाही." सेन्सेई म्हणजे गुरुजी. एवढा मान मला माझ्या पाठशाळेतही क्वचितच मिळाला असेल.

ज्येष्ठ लागला की पहाटेच्या स्नानानंतर पर्जन्यप्रार्थना म्हणणे हा माझा साठ वर्षांचा परिपाठ. मी सोलापूरकडचा, जूनमध्ये आभाळाकडे पाहून दुसरे काही मागणे आम्हांला सुचत नाही. गॅलरीत उभा राहून मी ती खड्या आवाजात म्हणत असे. एकदा ओजीसानांनी माधवीला तिचा अर्थ विचारला आणि तिने सरळ सांगून टाकला. ते हसून म्हणाले, "सेन्सेईंना सांगा, देवाला पत्ता नीट द्या. पाऊस खालच्या भातखाचरांत पाडायचा, वर नाही."

मी ओशाळलो. त्यातच माधवीकडून कळले की तीन वर्षे बागेला फळ धरलेले नव्हते. ओजीसान चौऱ्याऐंशी वर्षांचे. उतार चढवत नव्हता. यंदाही बहर वाया गेला तर झाडे तोडायची, असा शब्द त्यांनी टोकियोतल्या मुलाला दिला होता. दुसऱ्या दिवसापासून मी प्रार्थना बंद केली. मनातल्या मनातही म्हणेना.

चौथ्या सकाळी ते काठी टेकत दारात आले.

"सेन्सेई आजारी आहेत का? आवाज येत नाही."

"तुमच्या फुलांसाठी बाबांनी प्रार्थना थांबवली आहे," माधवी म्हणाली.

त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "खाली सगळ्यांची रोपं लावणीला आलीत. माझ्या झाडांसाठी तुम्ही त्यांचं पाणी तोडलंत?"

"पण ओजीसान, तुमचा हा शेवटचा बहर असेल," मी म्हणालो.

माधवी हे जपानीत सांगायला कचरली. मग तिने सांगितले.

"माझा असेल. खालच्या शेतकऱ्यांचा नाही." ते पायरीवर बसले. "म्हणा. मी ऐकतो."

मी म्हटली. ते मान लववून अखेरपर्यंत ऐकत राहिले.

दोन दिवसांनी पाऊस आला आणि सलग तीन दिवस संथपणे पडत राहिला. तो माझ्या शब्दांनी आला असे मानण्याइतका मी अहंकारी नाही, आणि नाही असे ठामपणे म्हणण्याइतका निर्भयही नाही. चौथ्या दिवशी बागेत गेलो, तर झाडांखालची जमीन पांढरी झाली होती. खाली खाचरांत लावणी चालली होती. ओजीसान बांधावरून लोकांना ओळ सरळ धरायला सांगत होते.

जुलैच्या आरंभी गावाचा उत्सव झाला. संध्याकाळी मशाली घेऊन बांधांवरून चालायचे आणि पिकावरच्या किडींना समुद्राकडे निरोप द्यायचा, अशी तिथली प्रथा. ओजीसान सर्वांत पुढे होते. एक म्हातारी ओरडली, "ओजीसान, तुमच्या बागेतले किडे आमच्याकडे धाडू नका हं!"

"घाबरू नका," ते म्हणाले, "यंदा ते उपाशी आहेत. चालवणार नाही त्यांना."

सगळे हसले. मला हसता आले नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगा करवत घेऊन आला. ओजीसानांनी मला विचारले, "झाड तोडण्यापूर्वी तुमच्याकडे काही म्हणतात का?"

मी सांगितले, "त्यावर वस्ती करणाऱ्या जीवांची क्षमा मागतात. दुसरीकडे राहायला जा, अशी विनंती करतात."

"मग तेच म्हणा. या झाडांना जपानी कळतं. पण माझ्याच्यानं बोलवत नाही."

प्रत्येक झाडापाशी थांबून मी म्हटले. करवत तोवर गप्प राहिली. प्रत्येक वेळी ते बुंध्यापुढे कमरेत वाकले, आणि शेवटच्या झाडापुढे त्यांचा मुलगाही वाकला.

त्या हिवाळ्यात ओजीसान गेले. पर्जन्यप्रार्थना मी आजही म्हणतो. मात्र ती संपल्यावर, हा पाऊस ज्याला सोसावा लागणार आहे अशा कुणा अनोळखी माणसासाठी हात जोडून थोडा वेळ उभा राहतो. हा विधी मला माझ्या कोणत्याही गुरूंनी सांगितलेला नव्हता.