पट्टीवरचं शून्य

आमच्या मुंगीला पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं, ही बाई अर्धीच उठून आलेली आहे आणि उरलेली अर्धी अजून अंथरुणात आहे. वय सत्तेचाळीस. केस जेमतेम बांधलेले, आणि पायांत दोन वेगवेगळ्या जोडांमधल्या चपला असल्या तरी दुपारपर्यंत तिला पत्ता लागायचा नाही. ती माझ्या भावाची मुलगी. लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू उचलून घरभर फिरायची म्हणून मुंगी. शिकली, नोकरीला लागली, डोक्यात पांढरं आलं, तरी नाव सुटलं नाही.

लोक ब्राउझरमध्ये जी पानं उघडतात ती बनवणं हे तिचं काम. फरशा बनवणाऱ्या एका कंपनीत ती आहे, दुसऱ्या शहरात. मी एकदा तिच्या टेबलाशी अख्खा दिवस बसले होते. बाई तासभर खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघत होती, मग एकदम वीस मिनिटं टकटक टाइप केलं, मग पुन्हा टाकी. मी विचारलं, काम कधी करतेस? तर म्हणाली, आत्या, मघाशी चाललं होतं ते कामच होतं. मला असली माणसं बघवत नाहीत. पण तिचं काम चोख असतं असं तिच्याबरोबरचे लोक सांगत, म्हणून मी तोंड आवरलं.

ही अर्धी झोप तिने बापाकडून घेतली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, नदीच्या खात्यात होता. त्याचं काम ऐकून लोकांना हसू यायचं. पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेली पट्टी होती, तिच्यावर पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. अडतीस वर्षं. सुट्टीच्या दिवशी मुंगी त्याच्याबरोबर पायऱ्या उतरून जायची आणि आकडा तीच मोठ्याने वाचायची. "तीन दहा" असा तिचा बारीक आवाज पाण्यावरून जायचा आणि समोरच्या काठाला लागून परत यायचा. तो येईपर्यंत दोघं थांबायची, मग लिहायची. घरी यायला उशीर झाला की वहिनी म्हणायची, एक वेडा पुरत नव्हता म्हणून देवाने दुसरा दिला.

वहिनी गेली. दादा ऐंशीचा झाला, न्हाणीघरात पडला, खुब्याचं हाड मोडलं. मुंगीच्या थोरल्या भावाने त्याला इथे आणलं, आम्ही राहतो त्या गावात. नदी मागे राहिली, गाडीने एका दिवसाच्या वाटेवर. इथे तिसऱ्या मजल्यावरची खोली, एक खाट आणि सांभाळायला एक बाई. खिडकीतून दिसते शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून खाली गेलेला एक नळ. दादाने तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, नदी किती आहे ते कळेल का?

आता तिथे माणूस आकडा वाचत नाही, यंत्र वाचतं आणि खातं तो आपल्या संकेतस्थळावर तासातासाला टाकतं. मुंगीने स्वतःच्या पत्त्यावर एक पान बनवलं. खात्याच्या पत्त्यावरून आकडा मागवायचा आणि मोठ्या अक्षरांत दाखवायचा, दुसरं काही नाही. आपल्या लॅपटॉपवर बघितलं, छान चाललं. मग एक टॅब्लेट धाडला. थोरल्याने तो खाटेच्या उशाशी, बाजूच्या भिंतीला, दादाने मान वळवली की तोंडासमोर येईल असा बसवला.

पहिल्याच दिवशी दादाने फोनवर सांगितलं, "शून्य दाखवतंय."

मुंगीने लॅपटॉप उघडला. तीन मीटर आठ. म्हणाली, बाबा, चष्मा लावून बघा. त्याने लावला. दोन दिवसांनी पुन्हा तेच बोलणं झालं. त्यानंतर दादा "दाखवतंय" म्हणेनासा झाला. नुसतं म्हणायचा, नदी आटली.

मी रोज दुपारी त्याच्याकडे जात असे आणि खाटेच्या पायथ्याशी खुर्चीत बसत असे. तो डोळे मिटून हळू आवाजात सांगायचा. आज पायऱ्या उतरून पार तळाला गेलो. खाली वाळू नाही गं, बारीक गोटे आहेत, ऊन खाऊन कोमट झालेले. पुलाचे खांब खालून किती उंच दिसतात. एक होडी उलटी पडली आहे, तिच्या सावलीत जरा टेकलो. दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. मधल्या खडकाच्या पोटात एक खोलगट जागा आहे, तिथे माशांच्या हाडांची जाळी सुकली आहे, वारा आला की वाजते. कुणीतरी हरवलेली घंटा सापडली, पण चिखल इतका भरलेला की आवाज निघेना. ऐकता ऐकता मलाही डुलकी लागायची आणि त्या कोमट गोट्यांवरून मीही चार पावलं जाऊन यायचे. जाग आली की स्वतःचाच राग यायचा. म्हणायचे, दादा, उगाच काहीतरी बरळू नकोस. तो म्हणायचा, बरं.

थोरल्याने हे सगळं ऐकलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला. शंभरातून सात सात वजा करायला लावले. दादा दोनपर्यंत उतरत गेला, मधे डॉक्टरांचीच बोटं चुकली. मग थोरला म्हणाला, नदीचं विचारा. विचारलं. दादा म्हणाला, शून्य, गेले सव्वीस दिवस. डॉक्टरांनी मुंगीला फोन लावला. मुंगी म्हणाली, माझ्यासमोर आकडा आहे, तीन एकोणीस. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

पुढचं भराभर झालं. गावाबाहेर, भान सुटलेल्या म्हाताऱ्यांना ठेवतात असं एक घर आहे. थोरल्याने तिथे जागा बघितली. तो वाईट मुलगा नाही, पण त्याला यादी केली की ती पुरी केल्याशिवाय चैन पडत नाही. माणसं भटकू नयेत म्हणून तिथे दारांना कुलपं असतात, असं त्याने मला कौतुकाने सांगितलं. ज्याला खाटेवरून खाली पाय टेकता येत नाही त्याच्या दाराला कुलूप. मी बोलले तसं. पण थांबवलं नाही, हेही लिहिते. मलाही वाटत होतं की दादा हातचा गेला.

गुरुवारी सकाळी गाडी यायची होती. मुंगी बुधवारी आली. रात्रभर बापाच्या कपड्यांच्या घड्या घातल्या. सकाळी त्याच्याजवळ बसली आणि शेवटचं म्हणून लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, बाबा, बघा ना, तीन सव्वीस. पाणी आहे. तुम्ही एकदा हो म्हणा, मी गाडी परत पाठवते. तिचा आवाज भीक मागितल्यासारखा झाला होता.

दादाने लॅपटॉपकडे पाहिलं. मग उशाकडच्या भिंतीकडे पाहिलं. म्हणाला, "तुझी पट्टी वेगळी असेल. माझ्या पट्टीवर शून्य आहे."

पहिल्यापासून मला धीर कमी. म्हटलं, सोक्षमोक्ष लावून टाकू. चष्मा चढवला, भिंत आणि खाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत कशीबशी शिरले आणि त्याच्या डोक्याशेजारी डोकं नेऊन बघितलं.

शून्य, टिंब, शून्य, शून्य.

"मुंगे," मी म्हटलं, "इथे शून्यच आहे."

ती म्हणाली, नाही आत्या. मी म्हटलं, डोळे माझे फुटलेत की तुझे, ते इकडे येऊन ठरव. ती आली. वाकून टॅब्लेटवर बघितलं, मग लॅपटॉपवर, मग पुन्हा टॅब्लेटवर. दारातून सांभाळणारी बाई म्हणाली, ते पहिल्यापासून तसंच आहे. मला वाटलं घड्याळ आहे, बंद पडलेलं.

तीस-पस्तीस दिवस मी त्या खुर्चीत बसले होते. ती बाई रोज टॅब्लेटवरची धूळ पुसत होती. थोरल्याने तो स्वतः बसवला होता. एकानेही दादा काय बघतोय ते बघितलं नव्हतं.

मुंगी खाली फरशीवर बसली आणि लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधू लागली. थोरला आत येऊन म्हणाला, गाडी खाली आली आहे. मी म्हटलं, येऊ दे, तिला काय ऊन लागतंय? पाच मिनिटांत मुंगीचं तोंड कानापर्यंत लाल झालं. तिने सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते.

ब्राउझरचा एक नियम आहे. एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्यावरून काही मागवलं, तर ब्राउझर मागणी पोचवतो, उत्तरही घेऊन येतो. पण ते पानाच्या हातात देण्याआधी बघतो, पाठवणाऱ्याने वर लिहिलंय का, की या पत्त्याच्या पानाने हे वाचायला हरकत नाही. लिहिलेलं नसेल तर उत्तर तिथेच दाबून ठेवतो. नदीच्या खात्याने तसं काही लिहिलेलं नव्हतं, त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. म्हणजे नदीचा आकडा तासातासाला इतक्या लांबून या खोलीपर्यंत येत होता, दादाच्या नाकापासून वीतभर अंतरावर येऊन थांबत होता, आणि आत सोडला जात नव्हता. मी म्हटलं, हा कुठला आगाऊपणा? ती म्हणाली, आत्या, हा नियम नसता तर तू उघडलेलं कुठलंही भुरटं पान तुझ्या नावाने तुझ्या बँकेच्या पानावर जाऊन तुझे कागद वाचून आलं असतं. मग मला पटलं.

"मग तुझ्या लॅपटॉपवर कसं दिसतं?" थोरल्याने विचारलं.

तिथेच तर सगळी गोम होती. फरशांच्या कामात तपासणी सोपी जावी म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने हा नियमच बंद करून ब्राउझर उघडायची सोय करून ठेवली होती. काम झालं की काढायची, असं ठरवलं होतं. काढली नाही. पुढे ती आहे हेच विसरली, आणि आपल्याला दिसतं तसंच जगाला दिसतं असं धरून चालली. विसरण्याचा आजार घरात होता खरा. आम्ही भलत्याच्या माथी मारला होता.

"आणि शून्य कुणी लिहिलं?" हे दादाने विचारलं.

"मीच, बाबा. काही आलं नाही तर चौकट रिकामी दिसेल, वाईट दिसेल, म्हणून शून्य टाकलं होतं."

दादा रागावला नाही. पण कामाच्या जागी नवख्याशी बोलावं तसं बोलला. "धुक्यात पट्टी दिसली नाही तर मी वहीत आडवी रेघ मारायचो. रेघ म्हणजे मला दिसलं नाही. शून्य म्हणजे मी पाहिलं आणि पाणी नव्हतं. अडतीस वर्षांत मी एकदाही शून्य लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, मग तुला ते खरं कसं वाटलं? तो म्हणाला, वाटलं नाही. पण पट्टीवर होतं. पट्टीवर असेल ते सांगायचं, आपल्याला वाटतं ते नाही. आणि ते तळाशी फिरणं, होडी, घंटा? तो म्हणाला, दुपारी झोप लागायची नाही, डोळे मिटून जाऊन यायचो. नाहीतरी पाणी नव्हतंच. खरं का मनातलं, हे तुम्ही कुणी विचारलंत कुठे?

मी पायथ्याची खुर्ची उचलून त्याच्या उशाशी आणून ठेवली.

मुंगी तिथेच, खाटेला पाठ टेकून कामाला लागली. तो नियम ब्राउझरचा असतो, दोन सर्व्हर आपसात बोलले तर त्यांना तो आडवा येत नाही म्हणे. तिने आपल्या सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम ठेवला. तो खात्याकडून आकडा आणणार, आणि पान तो आपल्याच पत्त्यावरून घेणार. आधी शून्य काढलं. टॅब्लेटवर एक आडवी रेघ आली. दादाने मान हलवली. खोलीत सगळे त्या रेघेकडे बघत उभे होतो, थोरलासुद्धा, हातात कपड्यांची बॅग तशीच. मग रेघ गेली आणि आकडा आला. तीन सत्तावीस.

दादा किती तरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, या दिवसांत तीन सत्तावीस म्हणजे वर धरणाचं दार उघडलंय. खालच्या सात पायऱ्या बुडाल्या असतील. आठवी ओली असेल. मुंगीने खात्याचं पान उघडून बघितलं. दार पहाटे उघडलं होतं.

"मला न्यायचं ठरलंय ते आहे का अजून?" त्याने विचारलं. कुठे न्यायचं ते त्याला आमच्यापैकी कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

थोरल्याने बॅग खाटेवर ठेवली, खाली गेला आणि गाडी पाठवून दिली. वर आल्यावर तो स्वतःच बॅगेतले सदरे काढून कपाटात लावत बसला, बाह्या आत दुमडून. मुंगीने त्या घराला फोन केला. जागा का नको, असं पलीकडून विचारलं असावं. ती म्हणाली, तपासणी चुकीच्या ब्राउझरमध्ये झाली होती. पलीकडच्याने काय समजून घ्यायचं ते घेतलं.

जेवणं झाली. मुंगी फरशीवरच कलंडली, डोकं खाटेच्या लाकडाला लावून, चष्मा नाकावर तसाच. तिला हाक मारावी म्हणून मी पुढे झाले तर दादाने ओठांवर बोट ठेवलं. तास भरला होता. भिंतीवरचा आकडा बदलला.

"एकोणतीस," तो मला अगदी हळू म्हणाला, "झोपू दे तिला."