पंढरीची सहा जनावरं

पंढरी भेकड आहे, हे मी अकरा वर्षं येईल त्याला सांगत आलो. तोंडावर सांगितलं, पाठीमागे सांगितलं, ट्रक घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरांना हिंदीत सांगितलं. तो कधी उलटून बोलला नाही. मान खाली घालून हसायचा आणि परत कापसाच्या गंजीकडे चालू लागायचा. आता त्याच्याविषयी लिहायला बसलोच आहे तर माझंही सांगतो. मी खुशाल. गुडीहत्नूरच्या अलीकडे हायवेला लागून एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना आहे, तिथे वजनकाट्यावर बसतो. मला राग लवकर येतो, आणि त्याचं कारण ह्याच आवारात आहे.

माझा थोरला भाऊ धोंडीबा इथे हमाल होता. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी तो गंजीवर चढून कापूस तुडवत होता आणि पाय घसरावा तसा एकदम आत गेला. कापसाचं जळणं असंच असतं. ट्रकच्या सायलेन्सरमधून एखादी ठिणगी पडते, नाहीतर कोणी चोरून ओढलेली बिडी राहते. वरून गंजी पांढरीशुभ्र, आणि आत दोन-दोन दिवस धुमसून पोकळी झालेली. भावाला बाहेर काढलं तेव्हा ओळखायला मला त्याच्या हातातलं कडं बघावं लागलं. सगळे म्हणाले, कोणाला काही कळलंच नाही. मीही तेच धरून चाललो.

पंढरीचं काम गंज्या तपासण्याचं. हातभर लांबीच्या चार सळया घेऊन तो फिरतो. सळई गंजीत खुपसायची, थोडा वेळ राहू द्यायची, मग ओढून गालाला लावायची. हातांना घट्टे पडलेले असतात, त्यांना ऊब कळत नाही. गालाला कळते. धोंडीबा गेल्यापासून पंढरीने सळई लावल्याशिवाय कोणाला गंजीवर चढू दिलं नाही, आणि जरा शंका आली की तो 'आग, आग' ओरडत सुटायचा. यंत्रं बंद, माणसं बाहेर, अर्धी गंजी उपसायची, आणि आत काही नाही. ह्या हंगामात असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी सुपरवायझर वामनरावांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पंढरी, आता आणखी एकदा खोटं ओरडलास, तर गेटच्या बाहेर. वय झालं म्हनून ऐकणार नाई."

त्यानंतर पंढरी फारच गप्प झाला. आणि ह्याच दिवसांत त्याला खेळाचं वेड लागलं.

आवारात मोबाइल आणायला बंदी आहे. सगळ्यांचे फोन माझ्या खोलीतल्या लाकडी पेटीत जमा होतात आणि दुपारच्या सुट्टीत मी ते परत देतो. पंढरी जेवण आटोपून माझ्याच खोलीच्या दारात बसायचा आणि 'दैत्यझुंज' उघडायचा. आदिलाबादला हॉस्टेलवर शिकणाऱ्या त्याच्या मुलीने, मयूरीने, तो खेळ फोनमध्ये टाकून दिला होता. खेळणाऱ्या दोघांकडे सहा-सहा जनावरं. मैदानात एका वेळी एकेकच. कोणी पाण्याचं, कोणी विजेचं, कोणी आगीचं. एकावर एकाची मात्रा चालते, दुसऱ्यावर चालत नाही. आपलं जनावर मार खाऊ लागलं तर त्याला मागे घेऊन दुसरं पाठवता येतं, पण नवीन येणाऱ्याला आल्या आल्या एक तडाखा बसतो. ज्याची सहाही पडली तो हरला. पन्नाशीतला माणूस फोनवर डोळे बारीक करून हे खेळतो, ह्याची मी यथेच्छ टर उडवली.

पण मी बघायचो. बघून बघून मलाही कळायला लागलं होतं, आणि पंढरीचा संघ पाहून माझं डोकं फिरायचं. सहापैकी पाच जनावरं पाण्याची! सहावं एक कासव, तेही नुसतं कवचात बसणारं.

"पंढरीभाऊ, मारणारं एकतरी ठेवा की हो," मी म्हणालो.

"आगीवाला आला तर?" तो म्हणाला.

आगीवाला दहा डावांत एकदा यायचा. बाकी नऊ वेळा कोणी पोरगा विजेचं एकच जनावर घेऊन यायचा आणि ह्याची पाचही पाण्याची एकामागे एक लोळवायचा. पंढरी जिथे तिथे एकाच संकटाची तयारी करून बसला होता. असा संघ जिनिंगमधला माणूसच बांधू जाणे.

शेवटी मयूरीने तो मोडला. रोज दुपारी तिचा फोन यायचा, पंढरी तो मोठ्या आवाजावर ठेवायचा आणि बापलेकीचं चालायचं. "बाबा, तुमी मार खायला खेळून राह्यले. मारायला खेळा. पन सगळेच मारणारे घेतले तर पहिल्याच तडाख्यात आडवे. म्हनून तोल पायजे." तिने सहा नवीन जनावरं निवडली आणि बापाच्या लक्षात राहावं म्हणून नावंही घरातलीच ठेवली. पहिला धोंडा: त्याने सुरुवातीलाच मैदानात खडे पसरायचे, म्हणजे समोरचा दर वेळी नवीन जनावर आणताना पायात खडे रुतवून घेणार. मग चिखल्या, पाण्याचा एकच, टोला देऊन स्वतः मागे येणारा आणि दुसऱ्याला वाट करून देणारा. नांगर आणि मुसळ हे दोघे जबर मारणारे, एक अंगाच्या जोराने, दुसरा दुरून, कारण समोरच्याने एकाला अडवलं तरी दुसऱ्याला अडवू नये. इळा हा सगळ्यांत चपळ, पण नाजूक. समोरचे अर्धमेले झाले की शेवटी येऊन कापणी करायची एवढंच त्याचं काम. आणि गोधडी. ती सगळ्यांचा मार झेलणार, आगीचासुद्धा.

संघ झकास होता. मी आठ दिवस तोंड वेंगाडून हसलो आणि मनात म्हणालो, पोरगी हुशार आहे. पंढरी जिंकायलाही लागला. पण एका जागी येऊन अडायचा. एखादं जनावर पडायला आलं की त्याला पडू देणं हाच कधी कधी खरा डाव असतो. ते पडलं की त्याच्या जागी येणाऱ्याला आल्या आल्या तडाखा बसत नाही. तो ताजातवाना उभा राहतो. पंढरीला हे जमत नसे. मरायला टेकलेलं जनावर तो शेवटच्या क्षणी मागे ओढायचा, नवीन आलेलं विनाकारण मार खायचं, आणि शेवटी सहाही जायची.

"गोधडी जाऊ द्या बाबा! एक गेली तर पाच वाचते," मयूरी ओरडायची.

"माह्या हातानं कसं पाठवू तिले?" तो म्हणायचा. त्याचा आवाज कापायचा. खेळाच्या मानाने फारच कापायचा, पण मी त्याचीही टर उडवली.

मयूरीच्या कॉलेजातल्या पोरांनी स्पर्धा लावली, घरातल्या मोठ्यांनाही घेतलं, आणि पंढरी चक्क उपांत्य फेरीत पोचला. बुधवारी दुपारी दीडला सामना होता. बुधवारी पंढरी सुट्टीत माझ्या दारात येऊन बसला, तेव्हा मला वाटलं, सामन्याचं टेन्शन आहे. डबा उघडला नाही. घाम येत होता, आणि दर थोड्या वेळाने त्याचा हात उजव्या गालाकडे जात होता.

"दाढ दुखते काय?" मी विचारलं.

"नाई," तो म्हणाला आणि आवाराकडे पाहिलं.

सामना सुरू झाला. धोंड्याने खडे पसरले आणि पडला. चिखल्याने नांगरला वाट करून दिली, नांगरने दोन लोळवले. मुसळ एक घेऊन गेला. समोरच्याचे उरलेले तिघेही खड्यांनी आणि माराने लंगडे झाले होते. पंढरीचेही चौघे पडले होते; उरली मैदानात मरायला टेकलेली गोधडी आणि मागे अख्खा, ताजा इळा. समोर नेमकं आगीचं जनावर. एव्हाना मीही उठून त्याच्या खांद्यावरून बघत होतो.

"बाबा, ऐका," फोनमधून मयूरी म्हणाली. "गोधडी राहू द्या तिथंच. पडू द्या. मग इळा आला की तिघंबी खल्लास."

पंढरीचा अंगठा बटणावर अडला होता. त्याने पुन्हा गालाला हात लावला. तेवढ्यात सुट्टी संपायच्या आधीच अमरदीप नावाचा हमाल आणि आणखी दोघे मधल्या गंजीवर चढताना दिसले. ते वर पोचेपर्यंत पंढरी त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने बटण दाबलं. गोधडी पडली. इळा मैदानात उभा राहिला. एकच वार, पुन्हा एकच, पुन्हा एकच, एवढं बाकी होतं.

त्याने फोन जमिनीवर ठेवला आणि धावत सुटला.

"उतरा! खाली उतरा! मधली गंजी पेटली!"

मी त्याच्यामागे धावलो ते त्याला शिव्या द्यायला. हमाल वरून हसत होते. धूर नाही, वास नाही, कापूस उन्हात लख्ख. वामनराव ऑफिसातून बाहेर आले आणि म्हणाले, "हे चौथ्यांदा. आत काई निघालं नाई तर तू समज."

"समजलो. घरी जातो. पयले मानसं खाली घ्या," पंढरी म्हणाला. तिघे कुरकुरत उतरले. मग त्याने दुसरं मागणं मांडलं. मधली गंजी फोडली की तिला हवा लागेल, भडका उडेल, आणि वारा यंत्रांच्या शेडकडे होता. शेडमध्ये चाळीस बाया काम करत होत्या. मधल्या गंजीच्या आणि शेडच्या मध्ये एक लहान गंजी होती. "ती लहान गंजी आधी भिजवा. पुरी भिजवा. ती जाऊ द्या."

"चांगला कापूस पाण्यात घालू? तुह्या भेवापाई?" वामनराव गरजले.

तेव्हा मी पंढरीचं तोंड पाहिलं. मागच्या तीन वेळी तो घाबरून ओरडला होता, नजर इकडेतिकडे पळत होती. आज तो घाबरलेलाच होता, पण नजर त्या गंजीवरून हलत नव्हती. गालाला लागणारा तो हात मला आठवला. मी टाकीकडे गेलो आणि पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण फिरवला. वामनराव माझ्यावर ओरडत राहिले, मी पाइप लहान गंजीवर धरून उभा राहिलो. ती भिजून खचेपर्यंत धरला. बाया शेडबाहेर आल्या.

मग पंढरीने मधली गंजी बाजूने फोडायला घेतली. एक थर निघाला, काही नाही. दुसरा निघाला, काही नाही. वामनराव हात बांधून उभे होते. तिसऱ्या थराला कापूस पिवळा निघाला, मग तपकिरी, मग सगळीच बाजू आत कोसळली आणि काळी पोकळी दिसली. आत लाल होतं. त्या आगीने श्वास घ्यावा तशी हवा ओढली आणि भडका उडाला. तेलुगू हमाल "मंटा, मंटा", म्हणजे आग, आग ओरडत मागे पळाले. ज्वाळा वाऱ्याबरोबर शेडकडे वळल्या, ओल्या गंजीवर आपटल्या, तिथे नुसता पांढरा धूर झाला आणि त्या पुढे गेल्या नाहीत. दोन तास पाणी मारल्यावर सगळं विझलं. पोकळी अमरदीप जिथे उभा होता त्याच्या बरोबर खाली होती. माणूस उभा मावेल एवढी. मी ती पाहिली आणि मला उलटी झाली.

संध्याकाळी पंढरी टाकीच्या कट्ट्यावर बसला होता. वामनराव येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून गेले. मी फोन नेऊन दिला. पडद्यावर 'वेळ संपली, तुम्ही हरलात' असं होतं आणि मयूरीचे चौदा मिस्ड कॉल. पंढरीने ते पाहिलं, फोन उलटा ठेवला.

"सुट्टीच्या आधीच सळई लावली होती," तो म्हणाला. "कोमट लागली. मी बोललो नाई. वामनरावाचं भेव वाटलं. उन्हानं तापली असन, म्हटलं."

"शेवटी बोलले ना," मी म्हणालो.

"आज बोललो." तो माझ्याकडे बघत नव्हता. "खुशाल, तवाबी कोमट लागली होती. धोंडीबाच्या दिवशी. आदल्या दिवशी उगाच ओरडलो म्हनून सुपरवायझर मले सगळ्यांपुढं बोलला होता. मी सळई पुसून ठेवली, अन् धोंडीबा वर चढला. मी त्याले पायलं चढताना."

मी त्याची कॉलर धरली, हे आठवतं. त्याने हात वर केला नाही. मला त्याला त्या काळ्या पोकळीत ढकलून द्यावंसं वाटलं, खोटं का सांगू. अकरा वर्षं मी ह्याला भेकड म्हणत होतो आणि तो हसत होता. मग कॉलर सोडली. त्याचा फोन वाजू लागला. तो घेईना, म्हणून मी घेतला.

"बाबा काऊन उठले काका? जिंकलो होतो आपन!" मयूरी रडकुंडीला आली होती.

"तुह्या बाबानं तिघं वाचवले पोरी," मी म्हणालो. पुढचं तिला सांगितलं नाही. ते सांगणं त्याचं काम आहे.

मी त्याला माफ केलेलं नाही. करीन असं आज तरी वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी वजनकाटा उघडण्याआधी आवारात गेलो आणि त्याच्या चार सळयांतल्या दोन उचलल्या. तेव्हापासून प्रत्येक गंजीला दोन सळया लागतात, एक त्याच्या गालाला आणि एक माझ्या.